रोज रात्री पाय बघा

श्रोतेहो, नमस्कार. ज्येष्ठ लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "बाई, साखर आहे मला. यंदा वारीला गेलं तर चालेल ना?" मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. म्हणते, आधी चप्पल काढा, पाय बघू द्या.

आज तेवढंच बोलायचंय. मधुमेह आणि पाय. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्या पाहणीच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखरेचं पथ्य, गोळीची वेळ, हे तुम्हाला पाठ असतं. पायांचं मात्र राहून जातं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतू बिघडतात. सगळ्यांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, मग हळूहळू काहीच कळेनासं होतं. मुंग्या थांबल्या म्हणून माणूस खूश होतो. पण मुंग्या थांबल्या म्हणजे पाय बरा झाला असं समजू नका. कदाचित तो बधीर झाला असेल.

मी बरीच वर्षं वारीत सासवडच्या तपासणी शिबिराला जाते. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघून दिवेघाट चढून सासवडला येते, जवळजवळ ३० किलोमीटरची चाल. एका वर्षी त्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली होती. परभणीकडचं एक जोडपं आलं. काका साठीचे, गळ्यात तुळशीची माळ. काकूंचा गुडघा टम्म सुजलेला. काका म्हणाले, "माझं काही नाही डॉक्टरीणबाई, हिचं बघा." मी काकूंचा गुडघा बघायला वाकले आणि नजर शहाबादी फरशीवर गेली. दारापासून आमच्या टेबलापर्यंत लाल ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मला वाटलं कुणाचं कुंकू सांडलं. पण ते ठिपके काकांच्या उजव्या पायापाशी येऊन थांबले होते.

"काका, पाय वर घ्या." त्यांनी घेतला. अंगठ्याच्या खाली, तळव्याला भोक. त्यात माती, भोवती वाळलेलं रक्त आणि मधून ताजं. मी दारात जाऊन त्यांची चप्पल आणली, आत बोट फिरवलं, तर मलाच टोचलं. पुण्याच्या मुक्कामात चपलेचा अंगठा तुटला म्हणून त्यांनी ती ठोकून घेतली होती. चालून चालून तळ झिजला आणि चूक, म्हणजे बारीक खिळा, वर आली. ती चूक तळव्यात घेऊन काका अख्खा दिवेघाट चढले होते.

"काका, दुखलं नाही?"

"नाही बा. माउलीच्या नावात दुखतंय कुठं?"

"साखर आहे?"

"हाये की. बारा-तेरा वर्षं झाली."

त्यांची श्रद्धा खरी होती. पण पाय बधीर झाला होता, हेही खरं होतं. आम्ही जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. मी म्हटलं, आता इथून पुढे चालायचं नाही. काका रागावले नाहीत, नुसते गप्प झाले. मग म्हणाले, "तेवीस वर्षं झाली, गाडीत पाऊल ठेवलं नाही म्या." मी समजावत राहिले, की पू हाडापर्यंत जातो, बोट काढावं लागतं, कधी पाऊल जातं. त्यांच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं.

तेवढ्यात काकू बोलल्या. "तुमी ट्रकात बसा. तुमच्या वाटंचं म्या चालते."

तो सुजलेला गुडघा घेऊन! काकांनी बराच वेळ त्या गुडघ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मंग दोघं बी बसू." आणि दोघं दिंडीच्या सामानाच्या ट्रकात बसून पुढे गेली. मी चिठ्ठी लिहून दिली, की जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, जिथं मुक्काम तिथं पट्टी बदलून घ्या. त्यांनी ती बदलून घेतली.

पुढच्या वर्षी तोच व्हरांडा. काका आले, बाकावर बसले आणि मी काही विचारायच्या आत दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. जखमेच्या जागी खूण तेवढी उरली होती. काकू म्हणाल्या, "रोज रात्री बॅटरी लावून बघते. यांचे पाय आता माझ्या ताब्यात."

त्या वर्षी काकांच्या पायात एमसीआरची चप्पल होती, मऊ रबराच्या तळाची. ही चप्पल बधीर पायांसाठी आली ती कुष्ठरोगाच्या कामातून. तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही, म्हणून जखमांकडे लक्ष जात नाही आणि बोटं जातात. मधुमेहातही तेच होतं. आणि इथं मला एक बोलायचंच आहे. आपल्याकडे लग्नात शालूवर हजारो रुपये खर्च होतात, आणि आईच्या चपलेचा विषय निघाला की 'जुनी चालेल अजून'. मला हे अजिबात पटत नाही. घरातल्या साखरवाल्या माणसाला आधी चांगली चप्पल घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, माप बरोबर येतं.

वेळ थोडा उरलाय, भराभर सांगते. रोज रात्री पाय बघा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्याही बघा. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा. भेगांना खोबरेल लावा, पण बेचक्यांत नको. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने बघा. पाय शेकू नका. कुरूप घरी ब्लेडने कापू नका, त्यावर औषधी पट्टीही चिकटवू नका. चप्पल घालण्याआधी झटका, आत हात फिरवा. अनवाणी चालू नका, उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर तर नकोच. तंबाखू, विडी सोडा, त्यानं पायाचा रक्तपुरवठा आणखी घटतो.

आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक तंतू टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही डॉक्टर रक्ताचे कागद बघतो आणि चप्पल काढायला सांगायचं विसरतो. तुम्हीच काढून बसा.

जखम दिसली, फोड आला, किंवा पाय लाल, गरम, सुजलेला वाटला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात या. वारीत असाल तर वाटेवर जागोजागी वैद्यकीय पथकं असतात, रांगेत उभे राहा आणि आधी पाय दाखवा. नमस्कार.