मोफत विजेचे पैसे कोण भरतं?

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल 2025 पासून आपल्या कर्नाटकात लाईट बिलात युनिटमागे जादा पैसे लागतायत, पहिल्या वर्षी 36 पैसे. खानापूर असो की निपाणी, बिल हातात पडलं की माणूस लाईनमनवर तोंडसुख घेतो. त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नाही. हे पैसे वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे आहेत. त्यातला सरकारचा वाटा ग्राहकांकडून वसूल करायला वीज नियामक आयोगाने मंजुरी दिली.

आपण अजून केईबी, म्हणजे कर्नाटक वीज मंडळ म्हणतो, पण ते मंडळ 1999 सालीच मोडलं. 2002 पासून आपल्याकडे हेस्कॉम ही वीज पुरवणारी कंपनी आहे. कचेरी हुबळीला, कारभार सात जिल्ह्यांचा, आणि मालक राज्य सरकार. म्हणजे मालक सरकार, सर्वांत मोठं फुकट गिऱ्हाईक लावून देणारंही सरकार, आणि आयोगाचे सदस्य नेमणारंही सरकारच!

दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत. घराला राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत. द्यावी की, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. पण 2003 च्या वीज कायद्याचं कलम 65 सांगतं की सवलत द्यायची तर तिचे पैसे सरकारने कंपनीला आगाऊ मोजावेत. ते उशिरा आले तर कंपनी कर्ज काढून वीज खरेदी करते आणि व्याजाचा बोजा फिरून दरावर येतो. त्यात बऱ्याच पंपांना मीटर नाही. वापर अंदाजाने धरायचा, म्हणजे गळती आणि चोरीही त्याच अंदाजात खपून जाते. मला विचाराल तर तोट्याचं खरं बीळ इथंच आहे.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे, 1969 ची, सभासदांच्या मालकीची. तिच्याच काळातली महाराष्ट्रात नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा संस्था. महावितरणला, म्हणजे तिथल्या सरकारी वीज कंपनीला, द्यायची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि 2011 साली तिचा परवाना गेला, भाग महावितरणकडे आला. सहकारी संस्थेवर असा बडगा उगारता येतो. सरकारी कंपनीवर कोण उगारणार?

तरी एक दार उघडं आहे. दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना याचं महत्त्व सांगावं लागत नाही, वीज महागली की त्यांचं गणितच बिघडतं. पंपवाल्या शेतकऱ्याला वाटतं, आपलं बिल शून्य, आपण कशाला जायचं? पण रात्री दोनला थ्री फेज येतो आणि जळालेला टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आठवडाभर बदलत नाही, ते कंपनीच्या त्याच रिकाम्या तिजोरीमुळे. पुढची सुनावणी लागली की एवढंच लिहून द्या: सरकारने यंदाच्या सवलतीचे पैसे कोणत्या महिन्यात दिले, आणि किती राहिले? उत्तर लेखी मागा.

नमस्कार.