ग्रॅहम टेलर : चौथ्या डिव्हिजनमधला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधल्या फुटबॉलचे वेड आपल्याकडे आता नवे राहिलेले नाही. मुंबई-पुण्यात, कोल्हापुरात आणि गोव्यात शनिवारी रात्री जागून प्रीमियर लीगचे सामने पाहणारी तरुण मंडळी घरोघरी आढळतात. मात्र दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या त्या वीस क्लबांच्या खाली छोट्या गावांतील क्लबांचे जे मोठे जग आहे, त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्याच जगातून वर आलेल्या, देशाच्या संघाचे व्यवस्थापकपद भूषवलेल्या आणि तेथे मानहानी पत्करावी लागलेल्या ग्रॅहम टेलर या गृहस्थांविषयी आज मी बोलणार आहे.

टेलर यांचा जन्म 15 सप्टेंबर 1944 रोजी वर्कसॉप येथे झाला आणि ते वाढले स्कंथॉर्प या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी. त्यांचे वडील तेथील स्थानिक वृत्तपत्रात क्रीडा-वार्ताहर होते. घरात लेखणी होती आणि मुलाची अभ्यासातली गतीही चांगली होती, तरीही शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा अर्ध्यावर टाकून त्यांनी व्यावसायिक फुटबॉलचा रस्ता धरला. त्या काळी इंग्लंडच्या लीगमध्ये 92 क्लब होते आणि ते चार डिव्हिजनमध्ये विभागलेले असत, पहिली सर्वांत वरची आणि चौथी सर्वांत खालची. टेलर फुलबॅक, म्हणजे बचाव फळीतले खेळाडू, म्हणून आधी ग्रिम्सबी टाउनकडून आणि 1968 नंतर लिंकन सिटीकडून खेळले. पहिल्या डिव्हिजनमधला एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. खेळाडू म्हणून ते मेहनती, भरवशाचे आणि सामान्य होते, असे म्हटल्यास त्यांच्यावर अन्याय होणार नाही. मात्र प्रशिक्षकाच्या परीक्षा त्यांनी खेळत असतानाच दिल्या, आणि फुटबॉल असोसिएशन या इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे पूर्ण प्रशिक्षक-प्रमाणपत्र त्यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मिळवले, जे त्यापूर्वी इतक्या लहान वयात कोणालाही मिळाले नव्हते.

1972 साली कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने त्यांचे खेळणे संपले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिंकनने त्यांना व्यवस्थापक नेमले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, म्हणजे ज्यांच्या शेजारी बसून परवापर्यंत बूट बांधले, त्यांनाच आता संघातून वगळण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला होता. सुरुवातीला यश हुलकावणी देत राहिले आणि 1975 साली तर केवळ गोलांच्या सरासरीत मागे पडल्यामुळे वरच्या डिव्हिजनमधली बढती हुकली. पुढच्या हंगामात मात्र लिंकनने चौथी डिव्हिजन अक्षरशः गाजवली. 46 सामन्यांपैकी 32 जिंकले, अवघे 4 गमावले आणि 111 गोल केले. विजयाला दोनच गुण मिळण्याच्या त्या काळात त्यांचे 74 गुण झाले आणि तो लीगचा विक्रम ठरला. याच काळात टेलर यांनी एक रीत पाडली, जी मला या आकड्यांहून महत्त्वाची वाटते. खेळाडूंना ते गावातल्या कारखान्यांत आणि कामाच्या ठिकाणी पाठवत. तिकिटाचे पैसे ज्या घामातून येतात तो घाम खेळाडूंनी प्रत्यक्ष पाहावा, असा त्यांचा आग्रह असे.

1977 साली त्यांच्या आयुष्यात एल्टन जॉन आले. जगभर गाजत असलेला हा गायक लहानपणापासून वॉटफर्ड या लंडनजवळच्या क्लबाचा चाहता होता आणि आदल्याच वर्षी त्या क्लबाचा अध्यक्ष झाला होता. वॉटफर्ड तेव्हा चौथ्या डिव्हिजनमध्ये होते. टेलर यांना वरच्या डिव्हिजनमधल्या क्लबाचेही बोलावणे होते, तरी त्यांनी वॉटफर्ड निवडले. भडक चष्मे आणि उंच टाचांचे बूट घालणारा अध्यक्ष आणि वार्ताहराचा शिस्तप्रिय मुलगा ही जोडी जमेल असे कोणालाही वाटले नव्हते. परंतु पाच वर्षांत हा क्लब चौथ्या डिव्हिजनमधून पहिल्या डिव्हिजनमध्ये पोहोचला आणि तेथील पहिल्याच हंगामात, म्हणजे 1982-83 मध्ये, लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरा आला. त्या हंगामात 27 गोल करून लीगमध्ये अव्वल ठरलेला ल्यूथर ब्लिसेट हा चौथ्या डिव्हिजनपासून टेलर यांच्याबरोबर असलेला खेळाडू होता, आणि डाव्या बगलेवर धावणारा जॉन बार्न्स हा क्लबाने हौशी फुटबॉलमधून उचललेला पोरगा होता.

त्यांच्या खेळाच्या पद्धतीवर टीका झाली आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. चेंडू मधल्या फळीत घोळवत न बसता लांब फटक्याने प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत टाकायचा, तेथे तो गमावलाच तर लगेच झडप घालून परत मिळवायचा आणि बगलेवरून गोलासमोर क्रॉस मारायचा, असा हा सरळ हिशेब होता. जाणकारांना तो रांगडा वाटे. पण दोन वेगवान बगलेचे खेळाडू आणि समोर दोन उंच, ताकदवान आघाडीपटू अशी रचना करायला धाडस लागते, आणि ‘लांब चेंडू’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी त्या संघाने केलेल्या गोलांची संख्या क्वचितच विचारात घेतली. 1980 साली साउदॅम्प्टनकडून पहिला सामना चार गोलांनी हरल्यावर याच वॉटफर्डने परतीचा सामना 7-1 असा जिंकला होता!

मैदानाबाहेरचे काम याच वृत्तीने चालले. वॉटफर्डचे खेळाडू शाळांत आणि रुग्णालयांत जात, लोकांत मिसळत, आणि हा त्यांच्या नोकरीचाच भाग मानला जाई. इंग्लंडच्या मैदानांवर दंगेखोरी बोकाळली असताना येथे लहान मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी स्वतंत्र जागा राखलेली होती. शिस्तीचा बडगा अध्यक्षालाही चुकला नाही. एल्टन जॉन यांनी स्वतःच सांगितलेली हकीकत अशी की, व्यसनाने त्यांची अवस्था वाईट झालेली असताना टेलर यांनी त्यांच्यासमोर ब्रँडीने भरलेला मोठा पेला ठेवला आणि हे प्यायचे आहे का, तुला झाले आहे तरी काय, असे खडसावून विचारले. ज्याच्या पैशावर क्लब चालतो त्याला असे विचारणारा व्यवस्थापक विरळाच. 1984 साली संघ एफए कप या देशभरातल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. एव्हर्टनने तो 2-0 असा जिंकला, आणि सामन्यापूर्वीच्या प्रार्थनागीताच्या वेळी अध्यक्षांच्या डोळ्यांतून वाहणारे पाणी सगळ्या देशाने पाहिले.

1987 मध्ये टेलर नुकत्याच खाली घसरलेल्या ॲस्टन व्हिलाकडे गेले, वर्षभरात त्यांनी त्या क्लबाला वर आणले आणि 1990 साली पहिल्या डिव्हिजनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेले. त्यानंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे बोलावणे येणे क्रमप्राप्त होते.

माझ्या मते टेलर यांच्या कारकिर्दीचा खरा पेच येथे आहे. त्यांचे कसब माणसे घडवण्याचे, रोजच्या सरावातून एक सवय अंगी मुरवण्याचे आणि क्लबाला गावाशी बांधण्याचे होते. राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकाला यातले काहीच करता येत नाही. इतरांनी घडवलेले खेळाडू त्याच्याकडे चार दिवसांपुरते येतात, त्यांतले निम्मे जायबंदी असतात आणि सामना होताच सगळे पांगतात. शेतकऱ्याला बाजारात तयार भाजी निवडायला बसवावे, तसे हे झाले. पहिले बारा सामने इंग्लंड अपराजित राहिले खरे, पण 1992 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत डेन्मार्क आणि फ्रान्स यांच्याशी गोलशून्य बरोबरी झाली आणि स्वीडनविरुद्ध 1-1 अशी स्थिती असताना टेलर यांनी आघाडीपटू गॅरी लिनेकर यांना बाहेर बोलावले. लिनेकर यांना इंग्लंडकडून सर्वाधिक गोल करण्याच्या, बॉबी चार्लटन यांच्या 49 गोलांच्या विक्रमाशी बरोबरी करायला एकच गोल हवा होता. इंग्लंड हरले, आणि ‘द सन’ या वृत्तपत्राने टेलर यांच्या चेहऱ्याच्या जागी सलगम छापला. पुढे स्पेनकडून हरल्यावर त्याच वृत्तपत्रात कांद्याची पाळी आली. निर्णयावर टीका करण्याचा हक्क सर्वांना आहे आणि लिनेकर यांना काढणे मलाही चुकीचेच वाटते. परंतु त्यानंतर जे चालले, ती टीका नव्हती, टवाळी होती.

शेवटचा घाव 13 ऑक्टोबर 1993 रोजी रॉटरडॅममध्ये बसला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हॉलंडविरुद्धचा सामना गोलशून्य असताना गोलाकडे धावणाऱ्या इंग्लंडच्या डेव्हिड प्लॅट यांना हॉलंडच्या रोनाल्ड कोमन यांनी मागून पाडले. लाल कार्डाची, म्हणजे मैदानाबाहेर हकालपट्टीची, अपेक्षा होती, पण पंचांनी ताकिदीचे पिवळे दाखवले. थोड्याच वेळात त्याच कोमन यांनी फ्री किकवर गोल केला आणि हॉलंड 2-0 असे जिंकले. आपली नोकरी या पंचाने घालवली, असे टेलर मैदानाच्या कडेला उभ्या अधिकाऱ्याला सुनावत होते आणि त्यांच्या संमतीनेच वावरणारे माहितीपटाचे पथक ते चित्रित करत होते. महिनाभराने सॅन मरिनोसारख्या चिमुकल्या देशाने अवघ्या 8.3 सेकंदांत इंग्लंडवर गोल केला. तो सामना इंग्लंडने 7-1 असा जिंकला, तरी विश्वचषक हुकला आणि टेलर यांनी राजीनामा दिला. त्या माहितीपटातून त्यांची घालमेल लोकांच्या कायमची लक्षात राहिली. कृष्णवर्णीय खेळाडूला उद्देशून अर्वाच्य बोलणाऱ्या प्रेक्षकाकडे वळून त्याची कानउघाडणी करणारे टेलर त्याच चित्रणात आहेत, हे मात्र थोड्यांनाच आठवते. इंग्लंडचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, पॉल इन्स, त्यांच्याच कारकिर्दीत 1993 साली मैदानावर उतरला.

वुल्व्हरहॅम्प्टन या क्लबातला मधला काळ फारसा फळला नाही. 1996 मध्ये ते वॉटफर्डला परतले. संघ पुन्हा खाली घसरला होता. 1998 साली तो आपल्या डिव्हिजनचा विजेता ठरला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर बोल्टनला 2-0 असे हरवून, पहिल्या डिव्हिजनची जागा घेतलेल्या प्रीमियर लीगमध्ये दाखल झाला. त्यातला पहिला गोल निक राइट या तरुणाने गोलाकडे पाठ करून, हवेत उसळून, डोक्यावरून मारलेल्या फटक्याचा होता. प्रीमियर लीगमध्ये हा संघ एकच हंगाम टिकला आणि 24 गुणांसह तळाला राहिला, तरीही लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर 1-0 असे नमवून आला.

पुढे व्हिलाकडे थोडा काळ काढून टेलर यांनी व्यवस्थापन सोडले आणि बीबीसीच्या रेडिओवर सामन्यांचे विश्लेषण करू लागले, तसेच काही वर्षे वॉटफर्डचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. 12 जानेवारी 2017 रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच्या तीन वर्षे आधी, त्यांच्या हयातीतच, वॉटफर्डच्या मैदानावरील एका मोठ्या प्रेक्षागाराला त्यांचे नाव देण्यात आले होते आणि त्यासमोरच्या स्टँडला एल्टन जॉन यांचे.