अर्धी गोळी

माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि घरात आरोग्य विमा नव्हता. 'विमा' म्हटलं की आम्हाला एलआयसी आठवायची, म्हणजे माणूस गेल्यावर मिळणारे पैसे. जिवंत माणसाच्या औषधपाण्यासाठी पतपेढी होती. महिनाअखेरीला वडील गोळी मोडून अर्धीच घ्यायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पायाची जखम चिघळली तेव्हा डिपॉझिटसाठी आईच्या पाटल्या गेल्या. आणि मग पायही गेला.

आज महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड लागायचं. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना लागू आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत विकायची पाळी जिच्यामुळे टळली अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. या योजनेला नावं ठेवायला मी इथे उभा नाही.

पण ती अर्धी गोळी कुठे बसते? माणूस दाखल झाला, आजार यादीत असला, की योजना धावून येते. रोजची साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, तीन महिन्यांनी करायची तपासणी तिच्या हिशेबात नाही. म्हणजे पाय कापायचे पैसे मिळतात, पाय वाचवायचे मिळत नाहीत.

'सर्वांसाठी आरोग्यसेवा' विम्यातून द्यायची की सरकारी दवाखान्यांतून, या वादाचं मूळ मला इथे दिसतं. ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या भोर समितीनं १९४६ सालीच म्हटलं होतं. नियोजन आयोगानं नेमलेल्या डॉ. श्रीनाथ रेड्डींच्या तज्ज्ञगटानं २०११ मध्ये सांगितलं, की करांच्या पैशातून सेवा उभारा, औषधं मोफत द्या आणि मधे विमा कंपन्या नकोत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ३९ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले होते.

हे न जमणारं काम नाही. तामिळनाडूत १९९५ पासून सरकारी महामंडळ औषधं एकत्र खरेदी करून दवाखान्यांना पुरवतं. ऑगस्ट २०२१ पासून तिथे 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' योजनेत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच मिळतात. आपल्याकडेही १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा माफ झाले. पण गोळ्या शिल्लक नसल्या की हातात 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी पडते, आणि मोफत उपचार मेडिकलच्या काउंटरवर संपतो.

म्हणून मी दर महिन्याला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि एवढंच विचारतो, मेटफॉर्मिन, म्हणजे ती साखरेची गोळी, किती दिवस पुरेल? आकडा वहीत लिहितो आणि ग्रामसभेत वाचून दाखवतो. तुमच्या गावचाही आकडा मला हवा आहे.