शुक्रवारी बाजार, शनिवारी भटकंती, रविवारी घरी

श्रोते हो, नमस्कार.

एक्सचेंजवर, म्हणजे एखादं सत्र तिथल्या विद्यापीठात शिकायला, जर्मनीला निघालेल्या मुलामुलींसाठी आजचं हे बोलणं आहे, आणि त्यांच्या आईबाबांसाठीही. तिथले हिवाळी वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात. तेवढ्यात अभ्यास, तब्येत आणि भटकंती असं तिन्ही जमवायचं असेल तर आठवडा असा लावा. शुक्रवारी बाजार, शनिवारी भटकंती, रविवारी घरी. पुन्हा सांगतो: शुक्रवारी बाजार, शनिवारी भटकंती, रविवारी घरी. कारण रविवारी तिथे दुकानं बंद. किराणाही बंद.

अभ्यासाचं आधी उरकतो. पाच क्रेडिटचा एक विषय म्हणजे 125 ते 150 तासांचं काम. आठवड्याला दीड-दीड तासाचे दोन वर्ग धरले तर सत्रभरात वर्गात जातात साधारण 45 तास. उरलेले 80 ते 105 तास वेळापत्रकात कुठेच दिसत नाहीत. मुलांना मंगळवार मोकळा दिसतो आणि ती प्रागच्या बसचं तिकीट बघायला लागतात. तो मंगळवार मोकळा नसतो! आणि वर्गाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं समजू नका. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तिची मुदतही वेगळी. मुदत हुकली की परीक्षेला बसता येत नाही, मग सत्रभर पहिल्या बाकावर बसलेले असलात तरी. ती तारीख पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्या.

आता तो किस्सा. अशा मुलांच्या बैठकीत हा हमखास निघतो, आणि मलाही सांगायला फार आवडतो.

साताऱ्याची एक मुलगी लाइपझिगला होती. डिसेंबरातला रविवार, सोमवारी सव्वानऊला तिचं प्रेझेंटेशन. सहा स्लाइड बाकी. मैत्रिणी म्हणाल्या, चल, संध्याकाळपर्यंत परत येऊ. निघाली. लाइपझिगहून ड्रेस्डेन, तिथून लोकल पकडून एल्बे नदीच्या काठाने राटेन. स्टेशन नदीच्या एका काठाला आणि चढायचा डोंगर दुसऱ्या. मधे माणसं पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, आहे. या तरीला इंजिन नाही बरं का. नदीत वरच्या अंगाला नांगरलेल्या लांब तारेला ती बांधलेली असते आणि प्रवाहाच्या रेट्यावर तिरकी होऊन पलीकडे जाते. नंतर पायऱ्या चढत बास्टाय. वाळूच्या दगडाचे सुळके, त्यांच्यामधून 1851 साली बांधलेला दगडी पूल, आणि खाली 194 मीटरवर एल्बे. सह्याद्रीतल्या पोरीला सुळके काय नवीन? पण गोठलेले सुळके नवीन होते. उणे चार तापमानात ती तासभर मोबाइल हातात धरून फोटो काढत राहिली.

फोन होता तीस टक्क्यांवर, आणि पटकन बंद पडला. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ती लागेल तेवढा विद्युतदाब (व्होल्टेज) देऊ शकत नाही, मग चार्ज शिल्लक असूनही फोन मान टाकतो. पॉवर बँक सोबत होती. केबल? खोलीवर.

चारलाच सूर्य गेला. परतीच्या गाडीत तपासनीस आला. हिचं तिकीट डॉइचलांड-टिकेट, सगळ्या देशात लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारं, पण ते मोबाइलमध्ये. हिने काळा पडदा दाखवला. तपासनीस सभ्य माणूस. काळ्या पडद्यावरचं तिकीट मला वाचता येत नाही, म्हणाला आणि 60 युरोची पावती फाडली. मैत्रिणींची तिकिटं हिला चालेनात, कारण ते तिकीट ज्याचं त्याच्याच नावाचं असतं.

खोलीवर आली तर फ्रिजमध्ये अर्धा लिंबू. शनिवारी दुपारपर्यंत झोपली होती, बाजार राहिला होता आणि आज रविवार. मेतकूट-भात खाल्ला म्हणावं, तर तांदूळही संपलेला! नुसतं मेतकूट चाटत तिने अडीचपर्यंत स्लाइड केल्या आणि सकाळी बसलेल्या घशाने प्रेझेंटेशन दिलं.

गुरुवारी ती फोन आणि पासपोर्ट घेऊन रेल्वेच्या खिडकीवर गेली. आपल्या नावाचं तिकीट त्या वेळी चालू होतं हे आठवड्याच्या आत दाखवलं तर दंड उतरतो. 60 चे झाले 7 युरो. किस्सा सांगणारे इथे टाळ्या घेतात. मला विचाराल तर दंड हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग होता. हीच सहल आदल्या दिवशी केली असती तर रविवार हातात राहिला असता.

तेव्हा हिवाळ्यात फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. बंद पडलाच तर आधी ऊब द्या, बहुधा पुन्हा सुरू होतो. गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, बॅटरी कायमची बिघडू शकते. सोबत पासपोर्ट किंवा रहिवासाचं कार्ड ठेवा, या तिकिटाबरोबर ओळखपत्र लागतं.

तब्येतीचं. डिसेंबरात लाइपझिगला आठनंतर उजाडतं आणि चारला मावळतं. जेवणानंतर ग्रंथालयात परतण्याआधी अर्धा तास उजेडात चाला. खोलीत दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडा, पाच-दहा मिनिटं, आणि बंद करा. दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गार पडते, आणि भाताची वाफ नि ओले कपडे मिळून कपाटामागे बुरशी धरते. मग घरमालक डिपॉझिटला हात घालतो. फोडणी करताना दार लावून खिडकी उघडा, छतावरचा धुराचा अलार्म मोहरीला ओळखत नाही.

पेढे आणि तूप बॅगेत भरू नका, दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. तिथलं लोणी पाव किलोच्या वडीत मिळतं, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, आणि आपल्या पिशवीतल्या तुपापेक्षा मला तेच बरं वाटतं. गोडा मसाला मात्र इथूनच न्या.

आईबाबांनो, तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात तिथले दुपारचे साडेचार. तेव्हा मूल वर्गात असतं. रोज व्हिडिओ कॉल करून "जेवलास का" विचारण्यात काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रविवारी करा, रविवारी ते घरी असेल.

दुखलं-खुपलं आणि दवाखाने बंद असतील तर 116117, जिवावरचं असेल तर 112. मन फारच खचलं तर विद्यार्थी-सेवा संस्थेत समुपदेशन मोफत मिळतं, पण वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून नोव्हेंबरातच नाव घाला.

लांबच्या सहली फेब्रुवारीतल्या परीक्षांनंतर. रहिवासाच्या कार्डावर इतर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसाव्यवस्थेतल्या युरोपीय देशांत, 180 दिवसांतले 90 दिवस फिरता येतं. इंग्लंड त्यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. तो अर्ज परीक्षांच्या धांदलीत टाकू नका, डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी भरून ठेवा. नमस्कार.