शकुंतलेची वाट

हे यवतमाळचं नॅरोगेज स्टेशन. इथून ‘शकुंतला’ ही छोटी गाडी मूर्तिजापूरला जायची, 113 किलोमीटर. रुळांवर गवत माजलंय, ते बाजूला सारलं की रुंदी कळते. दोन रुळांत फक्त अडीच फूट, एका ढांगेत पार.

ही लाईन टाकली ती कापसासाठी, माणसं नंतर बसली. मुंबई-नागपूर मोठी लाईन मूर्तिजापुरातून जाते. पण दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर हा सगळा पांढऱ्या सोन्याचा मुलूख तिच्यापासून लांब. मग किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनं 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. रूळ कंपनीचे, गाड्या चालवायच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं.

जिनिंगच्या कारखान्यात कापसातून सरकी निघायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या, त्या या छोट्या डब्यांत भरायच्या. अडीच फुटी डबा मोठ्या रुळांवर कसा चढणार? मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत जायची. पुढे मुंबई बंदर, आणि तिथून विलायत.

हे इंजिन बघा. झेडडी जातीचं, वाफेचं, 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं. 1994 पर्यंत यानंच गाडी ओढली, मग डिझेल आलं. फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी. हा फाटक उघडून धावत येऊन चढायचा. अचलपूरचे 76 किलोमीटर गाठायला चार-चार तास लागायचे, पण तक्रार कोण करणार? तिकीट परवडत होतं.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. ही राहिली. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे. (आजही इंग्रजांना भाडं जातं, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप सोडून द्या; किलिक निक्सन केव्हाच भारतीय हातांत आली.) पण या दुहेरी कारभारात रूळ बदलायचे कुणी, हा प्रश्न लोंबकळतच राहिला.

गेल्या दशकात आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी बंद पडली. आता एसटी.

वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे. 2024 मध्ये गाडी कळंबपर्यंत आली. यवतमाळची सोय होईल. पण कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर त्या वाटेवर नाहीत. त्यांना हीच लाईन हवी, आणि तिचं ब्रॉडगेज करायची घोषणा 2016 मध्येच झाली आहे. ते काम सुरू करा, एवढंच मागणं आहे.