शाळेच्या वाटेवरच्या चार जागा

(पालकांसाठी झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या की. बेळगावात पुढच्या दोन रांगा कुणासाठी राखून ठेवतात, हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.

एका पाटीपासून सुरुवात करते. आपल्याकडे शाळेजवळ कानडीत लिहिलेलं असतं, 'शाला वलय, निधानवागि चलिसि'. शाळेचा भाग आहे, सावकाश चालवा. माझ्या वर्गातली एक मुलगी तेव्हा नुकतीच कानडी अक्षरं जुळवायला लागली होती. तिनं मला विचारलं, "बाई, निधान म्हणजे ठेवा ना? मग तिथं कुणाचा ठेवा पुरलाय?" कानडीत निधान म्हणजे हळू, मराठीत निधान म्हणजे ठेवा. मी म्हटलं, तू दोन्ही अर्थ लक्षात ठेव. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपण 1956 पासून भांडतोय, आज त्यात शिरणार नाही. पाटी वाचून गाडी हळू होते का, एवढंच मी रोज उभी राहून बघत आले. होत नाही. कुठल्याच भाषेतली पाटी वाचून होत नाही.

मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं वडगावहून टिळकवाडीला सायकलनं गेले. मी लागले तेव्हा शाळेच्या स्टँडवर सायकल लावायला जागा मिळायची नाही, एक पडली की ओळीनं वीस पडायच्या. निवृत्त झाले तेव्हा त्याच पत्र्याखाली आम्हा शिक्षकांच्या स्कूटर होत्या. मुलं कुठं गेली? मुलं आहेत. ती व्हॅनमध्ये आहेत, रिक्षात आहेत, बाबांच्या गाडीवर टाकी आणि हँडलच्या मधे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय आदर्श नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत असावी, असं म्हटलंय. म्हणजे पायानं जाण्याएवढी. आपण काय केलं? गल्लीतली शाळा ओलांडली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला प्रवेश घेतला. तुमच्या निवडीवर मी बोट ठेवत नाही. खरं सकाळी नऊ वाजता रस्त्यावर दिसणारी निम्मी गर्दी कुठून आली, याचं एक उत्तर तिथं आहे.

पालकसभेत मी म्हणायची, दोन किलोमीटर तर आहे, चालत पाठवा. त्यावर ठरलेलं उत्तर यायचं: "बाई, पटतंय, खरं रस्ता बघा की." मग मी विचारायची, कुठला रस्ता? कुठली जागा? "सगळाच." 'सगळाच' म्हटलं की काहीच करता येत नाही. म्हणून अनगोळच्या एका आईला आणि तिच्या पाचवीतल्या मुलाला घेऊन मी त्यांच्या दारापासून शाळेपर्यंत चालत निघाले. हातात वही. भीती वाटेल तिथं थांबायचं आणि लिहायचं.

चार जागा निघाल्या. चारच. बाकीच्या वाटेवर चपलेचा दुकानदार ओळखीचा, एक पेरूचं झाड, एक भुंकणारं खरं न चावणारं कुत्रं.

पहिली जागा वळणावरची. आम्हा दोघींना तिथं काहीच खटकलं नाही. मुलगा मात्र दर वेळी पुढं जाऊन डोकं बाहेर काढायचा. मी गुडघ्यावर बसले (लोक बघत होते, बघू देत) आणि त्याच्या उंचीवरून पाहिलं. कोपऱ्यावर तीन स्कूटर आणि एक टेम्पो लावलेला. मला टेम्पोच्या काचेतून रस्ता दिसत होता, त्याला फक्त टेम्पोचं चाक दिसत होतं. आपण मुलांना सांगतो, 'उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ.' ते बिचारं बघतं. दिसत काही नाही. त्यात साधारण दहाव्या वर्षापर्यंत येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ मुलांना नीट घालता येत नाही. ही वाहनं कोपऱ्यापासून दहा पावलं मागं लावून घेतली की ही जागा संपते. त्यासाठी महापालिका लागत नाही, टेम्पोवाल्याशी गोड बोलावं लागतं.

दुसरी जागा रेल्वे गेट. टिळकवाडीकरांना वेगळं सांगायला नको. गेट पडलं की दोन्ही बाजूंनी लोक रस्त्याची अख्खी रुंदी भरतात. गेट उघडलं की दोन फौजा समोरासमोर. या सगळ्यात मुलं काय करतात? दांड्याखालून वाकून जातात. मी त्या मुलाला विचारलं, तू थांबतोस ना रे? तो म्हणाला, "थांबतो की, खरं मागचे सगळे ढकलतात." आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आता रूळ दुहेरी झालेत. आपल्या पिढीला सवय अशी, की गाडी गेली म्हणजे वाट मोकळी. आता एक गाडी गेली तरी दुसऱ्या रुळावर उलट्या दिशेनं दुसरी येत असू शकते आणि पहिलीच्या आवाजात तिचा आवाज बुडतो. हे घरी सांगा. आजच सांगा.

तिसरी जागा रुंदीकरण झालेल्या एका रस्त्याची. फूटपाथवर माती, विटा, एक रसवंतीचा गाडा, म्हणजे चालायचं रस्त्यावरूनच. आम्हाला लहानपणी भिंतीवर रंगवून शिकवलं, 'नेहमी डाव्या बाजूने चाला.' त्यामुळे गाड्या आमच्या पाठीमागून येतात, आणि पाठीला डोळे नसतात. फूटपाथ नाही तिथं पायी माणसानं उजव्या कडेनं चालावं, समोरून येणारं वाहन दिसतं. मूल कडेला, मोठं माणूस रस्त्याच्या बाजूला. सायकल मात्र वाहन आहे, ती डावीकडूनच. या दोन नियमांत मुलांचा गोंधळ होतो, म्हणून एकदा दोघांनी मिळून चालून दाखवायचं.

आणि चौथी जागा? शाळेचं फाटक. या वाटेवर सगळ्यात जास्त घाबरलो ते तिथं. गाडी फाटकाला चिकटवूनच थांबवायची, मूल उलट्या बाजूला उतरवायचं, लगेच यू टर्न मारायचा. ज्यांच्या मुलांना रस्त्याची भीती, त्यांच्याच गाड्यांनी तिथला रस्ता भीतीचा केलेला. शंभर मीटर अलीकडे उतरवा आणि तेवढं चालू द्या. एवढी एक गोष्ट शाळेनं ठरवली तरी पुरे.

आता फळ्यावरचं थोडं, सवय जात नाही. ताशी 30 किलोमीटरनं चाललेली गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते, ताशी 50 ची जवळजवळ चौदा. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर 30 ची गाडी एकूण तेरा-एक मीटरवर उभी राहते. 50 ची अठ्ठावीस मीटरवर. नीट बघा, पहिली गाडी जिथं थांबलेली असते, तिथं पोचेपर्यंत दुसरीच्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जेमतेम टेकतोय. तिचा वेग अजून 50 च आहे. मी हे अंतर मैदानात फक्की टाकून मुलांकडून पावलांनी मोजून घ्यायची. निधानवागि म्हणजे काय, ते पावलांना कळतं. आणि पावसात हे अंतर वाढतं. आपला पाऊस काय, जूनला बसला की गणपतीपर्यंत उठत नाही.

पावसावरून आठवलं, रेनकोट. टोपी चढवलेल्या मुलाला रस्त्याकडेला उभं करा आणि म्हणा, उजवीकडे बघ. मान वळते, टोपी जागेवरच राहते, त्याला टोपीचं अस्तर दिसतं. ओलांडताना टोपी मागं. केस भिजले तर पुसता येतात. रंग पिवळा किंवा केशरी घ्या. निळा-काळा रेनकोट धुक्यात विरघळून जातो.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडून आलेले लोक इथं आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे हंगामात उसाची डबल ट्रॉली. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही, ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर. आणि आपली पोरं चालत्या ट्रॉलीतनं ऊस ओढतात! मीही ओढलाय, खोटं कशाला बोलू, आणि त्या उसाची गोडी बाजारच्या उसाला नाही. खरं ओढताना हातातली कांडी अडकली की माणूस खेचला जातो, आणि मागचं चाक हातभर अंतरावर असतं. पोरांना नुसतं दटावून हे थांबत नाही. एका गावात शेतकऱ्यांनीच वाटेवरच्या शाळेत हंगामाच्या सुरुवातीला दोन मोळ्या टाकल्या, या फुकट खा, ट्रॉलीला हात लावायचा नाही. उपाय विनोदी वाटतो, चालला मात्र. आणि ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावायला असा काय मोठा खर्च येतो?

खानापूरच्या जंगलपट्टीतल्या आयांना मात्र 'मुलांना चालत पाठवा' असं सांगायचं धाडस मी करणार नाही. कणकुंबी, जांबोटीच्या आतल्या वाड्यांवरची मुलं चालतातच, पावसाळ्यात साकवावरून, अस्वलाच्या वाटेवरून. त्यांना चालण्याचं महत्त्व ऐकवू नका. त्यांना वेळेवर बस द्या, नाहीतर साकव पक्का करा.

सायकलीकडे येते. कर्नाटकात 2006-07 पासून आठवीच्या मुलींना, मग मुलांनाही, सरकारी सायकली मिळू लागल्या. कोरोनाच्या सुमारास ते वाटप थांबलं. त्या सायकलींनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सातवीनंतर 'लांब आहे' म्हणून घरी बसायच्या त्या मुली चौघी-पाचजणींच्या टोळीनं हसत यायच्या. टोळीनं येणं हीच त्यांची सुरक्षितता.

सायकल देताना आपली एक चूक ठरलेली. 'वाढत्या अंगाचा आहे' म्हणून कपड्यासारखी मोठी सायकल घेतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर थांबताना मूल पडतं, आणि पडतं ते रस्त्याच्या बाजूला. ब्रेकची दांडी त्याच्या बोटांत आली पाहिजे. पुष्कळ मुलांची बोटं तिथवर पोचतच नाहीत. ओढणी कमरेला गाठ मारून. चेनकव्हर काढून टाकू नका. आणि दप्तर हँडलला लटकवायचं नाही, कॅरिअरला बांधा. 2019 मध्ये कर्नाटक सरकारनं दप्तराचं वजन ठरवून दिलं, सहावी ते आठवीला 3 ते 4 किलो. घरी काट्यावर ठेवून बघा. हँडलवर पाच किलो एका बाजूला लोंबत असताना खड्डा चुकवून दाखवा, तुम्ही मोठी माणसं.

नववी-दहावीच्या पोराला स्कूटी देणाऱ्यांसाठी एकच वाक्य: 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पुढे.

"एकटं कसं पाठवू?" एकटं पाठवू नका. इंग्लंडात 1998 साली सेंट ऑल्बन्स गावी मुलांची 'चालती बस' सुरू झाली. मोठी माणसं बरोबर, ठरलेली वाट, ठरलेले थांबे, मुलं येऊन मिळत जातात. आपल्याला यात नवं काय? ही दिंडीच. पुढं एक, मागं एक, मधे पोरं, वाटेत माणसं मिळत जातात. गल्लीत सहा घरं असतील तर एका घराची पाळी आठवड्यातून एकदा. हॉलंडचं नाव आज सायकलींसाठी घेतात, खरं तिथंही 1971 साली रस्त्यावर 3,000 च्या वर माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा शहरं बदलायला लागली.

अनगोळच्या त्या मुलाचं राहिलं. पहिले दोन आठवडे आई बरोबर, मग गेटपर्यंत, मग वळणापर्यंत. एके दिवशी तो तिला म्हणाला, तू टेम्पोच्या इथूनच परत जा, मित्र बघतात. ती मला फोन करून हे सांगताना रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही.

प्रश्न नंतर घेऊ. बाहेर आपले सायकलवाले मामा पाने आणि हवेचा पंप घेऊन बसलेत. पोरांच्या सायकली आणल्या असतील तर आधी सीट खाली करून घ्या. त्यांना सातला दुकान बंद करायचंय.