शून्य हरवलेले यान

श्रोतेहो, नमस्कार.

काल्पनिक अवकाशयानांच्या मालिका पाहणाऱ्यांच्या कानावरून एक भाषा वारंवार गेलेली असते. शत्रूचे यान दिसले की कोणी अधिकारी कप्तानाला गंभीरपणे सांगतो, ‘90 मार्क 45’, आणि पुढचे कोणी काही विचारत नाही. ‘स्टार ट्रेक’ने रूढ केलेल्या या पद्धतीत पहिला आकडा आडव्या पातळीतला कोन असतो आणि दुसरा उभ्या पातळीतला. यानाचे नाक म्हणजे शून्य. तेथून 90 अंश उजवीकडे वळायचे आणि मग 45 अंश वर पाहायचे, की शत्रू सापडला. पुन्हा सांगतो, पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. या दोन आकड्यांनी दिशा कळते, अंतर मात्र कळत नाही. ते वेगळेच सांगावे लागते.

ही झाली सापेक्ष दिशा, म्हणजे नाकापासून मोजलेली. यान वळले, किंवा नाक जागच्या जागी ठेवून नुसते कुशीवर कलंडले, तरी त्याच ताऱ्याचे आकडे बदलतात. म्हणूनच यानाचा स्वतःचा मार्ग सांगायला नाकाचा काही उपयोग नाही. त्यासाठी शून्य यानाबाहेर असावे लागते. ‘स्टार ट्रेक’मधील यानांसाठी हे शून्य आकाशगंगेच्या केंद्राकडे धरले आहे आणि ही निवड मला चोख वाटते, कारण खगोलशास्त्रज्ञांनी 1958 साली प्रमाणित केलेल्या आकाशगंगेच्या निर्देशांकांतही शून्य रेखांश धनू राशीतल्या त्या केंद्राकडेच आहे. लेखकांची तक्रार करायचीच असेल, तर ती दुसरी आहे. ज्यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नाही अशा दोन संस्कृतींची याने पडद्यावर भेटतात, तेव्हा दोघांचेही माथे हटकून एकाच बाजूला असतात. शिवाय धक्का बसला की कप्तान खुर्चीतून फेकला जातो. एवढ्या शतकांच्या प्रगतीत खुर्चीला पट्टा लावावा हे कोणालाच सुचू नये, हे मला आजतागायत पटलेले नाही.

असो. शून्य हरवले तर काय होते, याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ती काल्पनिक नाही.

अपोलो मोहिमांच्या संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन आपल्या लहान मुलीला कधीकधी प्रयोगशाळेत घेऊन जात. एकदा ही मुलगी अंतराळवीर होण्याचा खेळ खेळत सराव-यंत्राची बटणे दाबत होती आणि एकाएकी सारे ठप्प झाले. कारण शोधले तेव्हा कळले, की यान उड्डाणात असताना तिने संगणकातला 01 क्रमांकाचा कार्यक्रम, म्हणजे आज्ञांचा संच, सुरू केला होता. हा कार्यक्रम उड्डाणापूर्वीच्या तयारीचा. हॅमिल्टन यांनी सुचवले, की अशी चूक यंत्रानेच अडवावी. त्यांना उत्तर मिळाले, की अंतराळवीर पूर्ण प्रशिक्षित असतात, ते असे करणार नाहीत. (तज्ज्ञ चुकत नाहीत असे मानणाऱ्या माणसाच्या हाती कोणतेही यंत्र देऊ नये, असे माझे मत आहे.) अखेर, उड्डाणात 01 निवडू नये, एवढी सूचना कागदोपत्री राहिली.

डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राला 10 प्रदक्षिणा घालून पृथ्वीकडे निघाले होते. यानातला दिशादर्शक मंच जायरोस्कोपच्या, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या, बळावर स्थिर असे. यान कसेही फिरले तरी मंच ताऱ्यांच्या संदर्भात आपली दिशा सोडत नसे, आणि अधूनमधून यादीतले तारे सेक्स्टंटमधून, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून, पाहून ती तपासली जाई. तारे पाहण्याचे काम जिम लव्हेल यांच्याकडे होते. त्यांना हवा होता 01 क्रमांकाचा तारा, म्हणजे उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातला अल्फेराट्झ. त्यांच्या बोटांनी दाबला 01 क्रमांकाचा कार्यक्रम. नेमकी तीच चूक! संगणकाने समजूत करून घेतली, की आपण अजून उड्डाणतळावर उभे आहोत. यान होते पृथ्वी आणि चंद्र यांच्या मध्ये, तीन माणसे आत बसलेली, आणि दिशेचे शून्य पुसले गेलेले.

लव्हेल यांनी मग जे केले, ते पाहण्यासारखे होते. त्यांनी मृग नक्षत्रातला राजन्य आणि त्याच्या शेजारचा तेजस्वी व्याध असे दोन तारे गाठले, त्यांच्या आधाराने यानाची दिशा पुन्हा निश्चित केली आणि मंच नव्याने जुळवला. तारे दोनच, पण एक पुरला नसता. एका ताऱ्याकडे तोंड ठेवूनही यान त्याच रेषेभोवती हवे तसे फिरू शकते. ध्यानात ठेवा, एका ताऱ्याने तोंड कळते, दुसऱ्याने माथा कळतो.

हेच लव्हेल 1970 साली अपोलो 13 वर होते. स्फोटानंतर मुख्य यानाचा संगणक बंद करण्यापूर्वी त्यातली दिशा चांद्रयानाला, म्हणजे चंद्रावर उतरण्यासाठी सोबत नेलेल्या यानाला, द्यायची होती. पण दोन्ही याने नाकाला नाक लावून जोडलेली, त्यामुळे एकाचे कोन दुसऱ्याला जसेच्या तसे चालत नव्हते. लव्हेल यांनी हाताने गणित करून कोन बदलले आणि जमिनीवरच्या मंडळींना बेरीज-वजाबाकी तपासून द्यायला सांगितले.

कल्पित यानाच्या नाविकाला मात्र व्याध आणि राजन्य ही जोडी कायम पुरणार नाही. व्याध आपल्यापासून अवघ्या 8.6 प्रकाशवर्षांवर आहे, राजन्य शेकडो प्रकाशवर्षांवर. यान वीस-तीस प्रकाशवर्षे पुढे गेले की व्याध भलत्याच बाजूला दिसेल आणि राजन्य जवळजवळ जागेवरच राहील. इतक्या दूरच्या प्रवासात स्पंदक तारे, म्हणजे ठरावीक तालाने स्पंदने पाठवणारे पल्सार, कामाचे. प्रत्येकाच्या स्पंदनाचा ठोका वेगळा असल्याने ते ओळखता येतात. 1972 साली निघालेल्या पायोनियर 10 वरील पट्टीवर सूर्याचे स्थान 14 स्पंदकांच्या आधारानेच कोरलेले आहे, आणि 2017 साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या एका क्ष-किरण दुर्बिणीने स्पंदकांच्या ठोक्यांवरून स्थानकाची जागा आपोआप शोधून दाखवली.